काळी खिडकी बंद केली की कोहा गायब होतो (विंडोज १०, डब्ल्यूएसएल)

देवघेव_खिडकी · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ‘ब’ वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. संगणकाचं शिक्षण झालेलं नाही, जे येतं ते करता करता आलं. त्यामुळे थोडं लांबण लावून लिहिते आहे, सांभाळून घ्या.

कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांसाठी आहे, विंडोजवर चालवायला अधिकृत आधार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही विंडोजवरच बसवावं लागलं. देवघेवीच्या टेबलावर आमचा एकच धडका संगणक आहे: आय-थ्री, ८ जीबी रॅम, विंडोज १०. जमाखर्चाचं पॅकेज, प्रिंटर, अनुदानासाठीचा वार्षिक अहवाल, सगळं त्याच्यावर. त्यावरचं विंडोज काढायला कार्यकारी मंडळ तयार नाही आणि त्यांचंही बरोबर आहे. माझा भाचा म्हणाला, विंडोजच्या पोटातच उबुंटू बसवता येतं, त्याला डब्ल्यूएसएल म्हणतात. फोनवर त्याला विचारत विचारत मी ते बसवलं.

पहिली अडचण लगेच आली. कोहाची सेवा सुरू करायला गेले की ‘सिस्टम हॅज नॉट बीन बूटेड विथ सिस्टमडी’ असं लाल अक्षरांत (सिस्टमडी म्हणजे उबुंटूतल्या सेवा चालवणारा कार्यक्रम). दोन रात्री त्यात गेल्या. शेवटी उबुंटूच्या डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फ फाइलमध्ये ‘बूट’ या मथळ्याखाली सिस्टमडी ट्रू लिहिलं, विंडोजमधून डब्ल्यूएसएल पूर्ण शटडाउन केलं, परत उघडलं आणि सुटलं. दुसरी अडचण अशी की सार्वजनिक कॅटलॉग उघडे, पण कर्मचाऱ्यांचं पान काही उघडेना. अपाचे म्हणजे पानं दाखवणारा वेब सर्व्हर, त्याच्या पोर्टच्या फाइलमध्ये ‘लिसन ८०८०’ ही एक ओळ राहिली होती. ती घातली, तेही झालं.

मग मी नोंदी घालायला बसले. जून ते सप्टेंबर, रोज वाचनालय बंद झाल्यावर दीड तास. दाखल नोंदवहीतून २,१४६ पुस्तकं झाली आहेत. घाई अशासाठी की आमची कार्ड-तालिका सागवानी खणांची आहे, पावसाळ्यात खण फुगतात आणि उघडतच नाहीत. मागच्या वर्षी ‘ल’ ते ‘श’चा खण चार महिने अडकून होता. ओढून काढला तेव्हा खालच्या कार्डांना बुरशी, आणि शाई पसरून लेखकाचं नाव कुठलं नि प्रकाशक कुठला तेही कळेना. पुन्हा एक पावसाळा तो कागद काढणार नाही.

आता खरी अडचण सांगते.

उबुंटूची काळी खिडकी उघडी असते तोवर याच संगणकावर कोहा व्यवस्थित चालतो. ती बंद झाली की थोड्या वेळात पान उघडेनासं होतं. आमचे शिपाई मामा संध्याकाळी झाडताना संगणकावरच्या उघड्या खिडक्या बंद करतात. ती त्यांना मीच लावलेली सवय, मागे जमाखर्चाची फाइल उघडी राहून बिघडली होती म्हणून. त्यामुळे रोज सकाळी मला खिडकी उघडून वाट बघावी लागते.

दुसरं म्हणजे वाचन कक्षात सभासदांसाठी एक जुना संगणक ठेवला आहे, त्यावर कॅटलॉग उघडतच नाही. देवघेवीच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो, तो घालून पाहिला. आत उबुंटूला विचारलं तर ते १७२ ने सुरू होणारा भलताच पत्ता सांगतं. तो घातला, तरी नाही. आणि दुसऱ्या दिवशी तो १७२ वाला पत्ताच बदललेला!

फायरवॉल बंद करून पाहिली, लगेच चालू केली. भाचा आता कामासाठी बाहेरगावी आहे. कुठे चुकतं आहे?

---

पुणे_टर्मिनल · सोमवार, रात्री १०.२५

ताई, तुम्ही इतकं नीट लिहिलंय की निम्मं निदान त्यातच झालं. तरी खात्रीसाठी दोन गोष्टी बघून सांगा.

काळी खिडकी बंद करा, दोन मिनिटं थांबा. मग विंडोजच्या पॉवरशेलमध्ये डब्ल्यूएसएलची यादी मागवा, लिस्ट आणि व्हर्बोज हे दोन्ही पर्याय लावून. उबुंटूसमोर काय लिहून येतं?

आणि उबुंटूमध्ये व्हार, स्पूल, कोहा या फोल्डरात तुमच्या ग्रंथालयाच्या नावाचं फोल्डर असेल. त्यात बॅकअपच्या फाइली आहेत का? हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

---

देवघेव_खिडकी · मंगळवार, रात्री ८.५०

घड्याळ समोर ठेवून बसले. खिडकी उघडी असताना ‘रनिंग’. बंद केल्यावर मिनिटभरातच ‘स्टॉप्ड’. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

फोल्डर आहे, पण आत एकही फाइल नाही. मला वाटलं होतं कोहा स्वतःहून बॅकअप घेतो. चार महिन्यांचं काम आहे हो त्यात.

---

पुणे_टर्मिनल · मंगळवार, रात्री ९.१५

आधी बॅकअप, बाकीचं नंतर. आत्ता उबुंटू उघडा, सुडो लावून कोहा-डम्प आणि पुढे तुमच्या ग्रंथालयाचं कोहातलं नाव. दोन फाइली तयार होतील: एक एसक्यूएलची, ज्यात तुमच्या नोंदी आहेत, आणि एक टारची, ज्यात मांडणीच्या फाइली आहेत. दोन्ही एमएनटीमधल्या सी ड्राइव्हवर कॉपी करा आणि तिथून पेनड्राइव्हवर. झालं की इथे लिहा.

---

देवघेव_खिडकी · मंगळवार, रात्री ९.५५

झालं. दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर आहेत, एक प्रत घरच्या लॅपटॉपवर. आता जरा जीव भांड्यात पडला. तुमचे आभार कसे मानू?

---

पुणे_टर्मिनल · मंगळवार, रात्री १०.४०

आता कारण सांगतो.

डब्ल्यूएसएल हे विकसकांच्या सोयीसाठी केलेलं आहे. खिडकी उघडायची, काम करायचं, बंद करायची. विंडोज बघतं की आत कुणी बसलेलं नाही, मग मेमरी वाचवायला ते उबुंटूच आटोपून टाकतं. तुमचा कोहा, अपाचे, नोंदी साठवणारा मारियाडीबी, शोध घेणारा झेब्रा या सगळ्या सिस्टमडीने चालवलेल्या सेवा आहेत, आणि डब्ल्यूएसएलच्या लेखी अशा सेवा म्हणजे ‘कुणीतरी बसलेलं’ नव्हे. हे मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे यात तुमची किंवा मामांची चूक काही नाही. ते मुळात सर्व्हर म्हणून बनवलेलंच नाही.

पत्त्याचं म्हणाल तर कोकणातलं घर डोळ्यांसमोर आणा. देवघेवीचा संगणक ही ओटी, उबुंटू आत माजघरात. वाचन कक्षातला संगणक ओटीवर येऊन हाक मारतो, पण निरोप आत न्यायला कुणी नाही, म्हणून तो तसाच परत जातो. १७२ चा पत्ता हा माजघराचा, तो घराबाहेर कुणाला ठाऊकच नाही, आणि विंडोज सुरू झालं की दर वेळी नवा दिला जातो. देवघेवीच्या संगणकावर पान उघडतं, कारण स्वतःच्या घरातला निरोप विंडोज आपणहून आत पोचवतं.

विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत आतलं नेटवर्क बाहेरच्यासारखंच करण्याची सोय आहे, १० मध्ये ती नाही. तुमच्याकडे तात्पुरता उपाय एकच: नेटशेलच्या पोर्टप्रॉक्सीने ८० आणि ८०८० ही दोन दारं ओटीवरून आत जोडायची, फायरवॉलमध्ये त्या दोन दारांपुरती परवानगी द्यायची आणि टास्क शेड्यूलरमधून लॉगिनच्या वेळी उबुंटू उघडं ठेवणारं काम लावायचं. पत्ता बदलतो म्हणून पोर्टप्रॉक्सीसुद्धा दर वेळी नव्याने लिहायची. हे चालतं, मी एका कार्यालयात चालवून पाहिलं आहे. पण सहा महिन्यांत तीन वेळा मोडलं, प्रत्येक वेळी विंडोज अपडेटनंतर.

आणि बॅकअप का झाला नाही? कोहाचं रोजचं काम क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा उबुंटूतला कार्यक्रम, करतो. मुदत उलटलेल्यांच्या सूचना, दंडाचा हिशेब, बॅकअप हे सगळं त्याच्याकडे. उबुंटूच्या क्रॉनची रोजची वेळ सकाळी ६.२५ ची. तुमचं वाचनालय किती वाजता उघडतं?

---

देवघेव_खिडकी · मंगळवार, रात्री १०.५२

सकाळी ८ ला. म्हणजे चार महिन्यांत एकदाही तो ६.२५ ला जागा नव्हता.

आता लक्षात आलं. मी दंड रोज हाताने मोजत होते आणि समजत होते की कोहात ती सोय मला सापडत नाहीये.

---

वऱ्हाडी_ग्रंथपाल · बुधवार, सकाळी ७.३०

ताई, मी अमरावती जिल्ह्यात महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळतो. अकरा वर्षं कोहावर आहे. पुणेकर दादांनी कारण बरोबर सांगितलं, पण पोर्टप्रॉक्सीच्या वाटेला जाऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यावर सभासदांची नावं, पत्ते, फोन आहेत ते अशा यंत्रावर, वाकडी जोडणी करून ठेवू नये.

वाचनालयात एखादं जुनं यंत्र पडलेलं असेलच. ६४ बिटांचं असावं, ४ जीबी रॅम असावी. तुमच्या आकाराच्या ग्रंथालयाला तेवढं पुरतं, मी स्वतः सुरुवातीची तीन वर्षं तेवढ्यावर काढली. त्यावर डेबियन १२ टाका. बसवताना कोणकोणते संच हवेत ते विचारतात, तिथे डेस्कटॉपसमोरचा तारा (*) काढून टाका आणि एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून आत शिरायची सोय) ठेवा. पडद्यावर चित्रबित्र काही येणार नाही, फक्त काळा पडदा. त्याला मॉनिटरसुद्धा रोज लागत नाही. देवघेवीचा संगणक विंडोजवर आहे तसाच राहील, मंडळालाही हरकत नाही. कोहा तर ब्राउझरमध्येच उघडायचा असतो.

मग कोहाची पॅकेजं टाका, आवृत्ती सध्या आहे तीच ठेवा, आणि तुमच्या त्या दोन फाइली देऊन कोहा-रिस्टोर चालवा. नोंदी पुन्हा घालाव्या लागणार नाहीत.

मंडळात कुणी विचारलं, की फुकट आहे तर यात काहीतरी गोम असणार (आमच्याकडे विचारलं होतं), तर हे सांगा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयाचं जुनं सॉफ्टवेअर २००० सालची तारीख पेलणारं नव्हतं. नवं विकत घेण्याऐवजी त्यांनी १९९९ मध्ये एका छोट्या कंपनीकडून स्वतःचं बनवून घेतलं, जानेवारी २००० मध्ये वापरायला सुरुवात केली आणि सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. कोहा हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट. परवाना जीपीएल नावाचा, खुल्या सॉफ्टवेअरचा, कुणी तो उद्या काढून घेऊ शकत नाही. मी हे सांगितलं तेव्हा आमच्या प्राचार्यांनी त्याच बैठकीत सही केली.

एक गोष्ट आताच विचारतो. मराठीत शोधल्यावर पुस्तकं सापडतात का?

---

देवघेव_खिडकी · बुधवार, दुपारी २.१०

सर, तुम्ही नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत. सापडत नाहीत! इंग्रजीत लेखकाचं नाव टाकलं तर येतं. ‘आंबा’ टाकलं तर शून्य, आणि आंब्याच्या लागवडीवरची सात पुस्तकं मी स्वतः घातली आहेत. मला वाटलं माझा कीबोर्ड चुकीचा आहे. मी इनस्क्रिप्टवर टाइप करते, सगळं युनिकोडमध्येच आहे.

---

वऱ्हाडी_ग्रंथपाल · बुधवार, रात्री ८.०५

कीबोर्ड बरोबर आहे. कोहात शोधाचं काम झेब्रा करतो आणि मुळात त्याला अक्षरांचा जो तक्ता दिलेला असतो तो रोमन लिपीपुरता आहे. देवनागरीसाठी आयसीयू, म्हणजे वेगवेगळ्या लिप्यांतले शब्द ओळखणारं साधन, लावावं लागतं. ईटीसी, कोहा, झेब्राडीबी, ईटीसी अशा वाटेने गेलात की डिफॉल्ट डॉट आयडीएक्स नावाची फाइल आहे. तिच्यात जिथे जिथे ‘चारमॅप’ आणि सीएचआरची फाइल लिहिली आहे, ती ओळ बंद करून ‘आयसीयूचेन’ आणि वर्ड्स-आयसीयूची फाइल लिहायची. मग सिस्टम प्रेफरन्समध्ये आयसीयू शोधा, तिथेही वापरतो म्हणून सांगा. झेब्रा बंद-चालू करा आणि संपूर्ण सूची नव्याने बांधा, कोहा-रिबिल्ड-झेब्रा, ‘एफ’ लावून. तो ‘एफ’ विसरलात तर जुन्या नोंदी तशाच राहतात. मी विसरलो होतो, एक आख्खी सुट्टी गेली.

हे नव्या यंत्रावरच करा. आताच्या ठिकाणी वेळ घालवू नका.

---

मालवणी_नेटवर्क · बुधवार, रात्री ९.२०

जुनं यंत्र मिळालंच नाही तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) डेबियन टाकून नेटवर्क ‘ब्रिज्ड’ करा. मग त्याला तुमच्या राउटरकडून स्वतःचा पत्ता मिळेल, माजघराचा प्रश्नच नको. पण वेगळं यंत्र मिळालं तर तेच घ्या.

आणि एक, कोकणातलाच म्हणून सांगतो. यंत्र सुरू होताना बायोसमध्ये जाऊन, वीज परत आल्यावर काय करायचं ही सेटिंग ‘पॉवर ऑन’ करा. नाहीतर वीज गेली की यंत्र बंद, आणि बटण दाबायला माणूस येईपर्यंत बंदच. राउटरमध्ये त्या यंत्राला कायमचा एकच पत्ता राखून ठेवा. लहानसा यूपीएस घ्या. मारियाडीबी अर्धवट लिहीत असताना वीज जाणं बरं नव्हे.

---

देवघेव_खिडकी · तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६.३०

मंडळी, उशिरा लिहिते आहे, पण सगळं पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

बालविभागाच्या मागच्या खोलीत, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली, एक संगणक होता. विंडोज ७ चा आधार संपल्यावर बाजूला ठेवलेला. मामांनी आणि मी तो काढला. आत पालीची अंडी आणि बोटभर धूळ. मामांनी पंख्यावरची धूळ रंगाच्या जुन्या ब्रशने इतकी निगुतीने काढली की मी बघत राहिले. ४ जीबी रॅम आहे, ६४ बिटांचा आहे. हार्ड डिस्क कुरकुरत होती, तिच्या जागी २४० जीबीची एसएसडी घेतली. कार्यवाहांनी खर्च लगेच मंजूर केला. माओरी भेटीची गोष्ट मी बैठकीत वाचून दाखवली, तिचा उपयोग झाला.

डेबियन १२ बसवताना तारा काढला. पहिल्यांदा सुरू झाल्यावर नुसता काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ, क्षणभर पोटात गोळा आला. मग देवघेवीच्या संगणकावरून एसएसएचने आत गेले आणि पुढचं सगळं माझ्या खुर्चीत बसून केलं. कोहाची पॅकेजं उतरायला आमच्या इंटरनेटवर पाऊण तास लागला. कोहा-रिस्टोर दिलं. कर्मचाऱ्यांचं पान उघडलं, नोंदींचा आकडा पाहिला. २,१४६. मी तो मोठ्याने वाचला.

आयसीयूची फाइल बदलताना मी एका ठिकाणी ओळ बंद केली आणि नवी लिहायला विसरले, त्यामुळे झेब्रा सुरूच होईना. सरांचा निरोप परत वाचला, एकेक ओळ बोट ठेवून ताडून पाहिली, सापडली. मग ‘एफ’ लावून सूची बांधली. ‘आंबा’ टाकलं. सातही आली.

एक निरीक्षण, पुढे कुणाला उपयोगी पडेल म्हणून. ‘आंबा’ शोधलं तर ‘आंब्याची’ असलेलं शीर्षक त्या शब्दावरून सापडत नाही. विभक्ती लागली की शब्दाचं रूपच बदलतं, आणि झेब्राला ते कळत नाही. सातही आली ती मी विषयाच्या रकान्यात ‘आंबा’ असं मूळ रूप घातलं होतं म्हणून. तेव्हा नोंद करताना विषय नेहमी मूळ रूपात घाला. शीर्षकावर विसंबू नका. किंवा शोधताना ‘आंब’ लिहून पुढे तारा (*) लावा, तसंही चालतं.

वाचन कक्षातल्या संगणकावर कॅटलॉग उघडतो. परवा आठवीतला एक मुलगा तिथे बसून ‘किल्ला’ शोधत होता. त्याला पुस्तक कपाटात आहे की कुणी नेलं आहे, तेही दिसलं. नेलेलं होतं. कधी परत येणार ती तारीख त्याने हातावर पेनने लिहून घेतली.

वीज जाण्याची परीक्षाही घेतली. मामांनी मेन स्विच पाडला, यूपीएस संपेपर्यंत थांबलो, मग परत चढवला. यंत्र आपणहून सुरू झालं, दोन-तीन मिनिटांत पान आलं.

आणि आज सकाळी आल्या आल्या बॅकअपच्या फोल्डरात पाहिलं. कालच्या दोन, आजच्या दोन. आजच्यांची वेळ ६ वाजून २७ मिनिटं.

आता एकच विचारायचं आहे. या फाइली रोज त्याच यंत्रात पडून राहतात. दर शनिवारी पेनड्राइव्हवर घेऊन घरी नेते आहे, तेवढं पुरे का?

---

पुणे_टर्मिनल · रविवार, रात्री ८.१५

ताई, शनिवारचं चालू ठेवा, पण पेनड्राइव्ह दोन ठेवा आणि आलटून पालटून वापरा. तीन महिन्यांतून एकदा त्यातली एक जोडी व्हर्च्युअलबॉक्समधल्या रिकाम्या डेबियनवर रिस्टोर करून बघा, आकडा जुळतो का ते. कसं करायचं ते उद्या सविस्तर लिहितो.